आकड्याला गाव विचारणारे दुधेकाका

दुधेकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी डाळीचा भाव विचारत. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याला हाक मारत. वाढप्याला वाटे, भात हवा असेल. काकांना हवं असे ते एवढंच, की तांदळाचं पोतं कुठून आणलं आणि हमालीसकट कितीला पडलं. एकदा आदिलाबादच्या बसमध्ये आख्खं वऱ्हाड चढलं, तर यांनी नवरदेवाच्या बापाला बँडचा दर विचारला. तो माणूस आनंदात होता, त्यानं सांगून टाकला. काका म्हणाले, "चढवला तुमाले बाप्पा. आमच्या तामसीत याच्या अर्ध्यात वाजवून गेले." पुढचा सगळा रस्ता तो बाप खिडकीबाहेर बघत बसला होता.

त्यांच्या या सवयीची आम्हाला लाज वाटायची. मी तर दोन हात लांब उभा राहायचो, म्हणजे लोकांना वाटू नये की आम्ही बरोबर आहोत. आता बाजारात कुणी म्हातारा भाव विचारताना दिसला की पाय आपोआप थांबतात. तो विकत घेणारा निघतो, आणि मी पुढे जातो.

मारोतराव दुधे हे तामसीचे. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. हा मुलगा शिकला आणि तहसील कचेरीत कारकून झाला. तीस-एक वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनींचे कागद सांभाळले आणि निवृत्त होऊन घरी बसले. बसले म्हणजे महिनाभर. मग सुनेनंच आमच्या ताईंना निरोप पाठवला, की बाबांना काहीतरी काम द्या, घरातल्या मिठाचासुद्धा हिशेब मागून राहिले आहेत.

ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. संस्था म्हणावी इतकी ती मोठी नव्हती. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात भाड्याच्या दोन खोल्या, त्यात सीमेवरच्या गावांतल्या आठ मुली, त्यांना रांधून घालणाऱ्या शांताबाई, आणि पदरमोड करून हे सगळं चालवणाऱ्या ताई. नव्वदच्या आगेमागे हैदराबादची एक मोठी संस्था अशा कामांना निधी देते असं कळलं. आठाच्या तीस मुली करता आल्या असत्या. कापूस वेचायला आईबाप गेले की ज्यांची शाळा सुटायची, अशा बावीस मुलींची नावं ताईंनी गावोगाव फिरून लिहूनही आणली होती. प्रस्ताव लिहायला मला ठेवलं. मी नांदेडहून एम.ए. होऊन आलेला, कापूसवाल्यांच्या घरातला, आपल्याला सगळं येतं अशा खात्रीचा तरुण. काका मला पहिल्या दिवसापासून 'एम्मे' म्हणत आले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

अठरा पानांचा प्रस्ताव मी झोकात लिहिला. अंदाजपत्रक शेवटच्या पानावर होतं आणि ते मी जेवणानंतरच्या अर्ध्या तासात उरकलं होतं. काका आले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशात दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल दुसऱ्याचं खोडायला. त्यांनी सतरा पानं न वाचता उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"एम्मे, किराण्याचा हा आकडा कोन्या गावचा?"

"म्हणजे?"

"आकड्याले गाव अस्ते. हा कुठून आला?"

"अंदाजानं घातलाय, काका."

"अंदाज कुठी राह्यते? पत्ता द्या. मी जाऊन भेटून येतो त्याले."

मला राग आला. त्यांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं करून समजावून सांगितलं. कचेरीत प्रत्येक जमिनीला नंबर असतो, चार बाजूंना चार शेजारी असतात, आणि कुणाचं तरी नाव असतं. हे ज्या जमिनीला नसतं ती बेवारस, कुणीही येतो आणि नांगर घालतो. "आकड्याचंबी तसंच हाय. गाव नसलं का कोनीबी साहेब येते अन् कापून नेते. तुमाले सांगता येत नाई का कापू नोका म्हनून. काऊन का तुमालेच मालूम नाई तो कुठला हाय तं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला बाजारात फिरवलं. ज्वारीचा भाव त्यांना एका दिवसाचा चालत नसे. सुगीनंतर कितीला असते, उन्हाळ्यात किती चढते, आषाढात कुठे जाते, हे तीन वेगवेगळ्या दुकानदारांना विचारायचं. मारवाड्याशी हिंदीत, कोमट्याशी तेलुगूत, आणि पोतं उचलणाऱ्या हमालाशी आपल्या भाषेत. हमाल सांगेल तो भाव खरा, असं त्यांचं मत होतं. झाडू किती दिवस टिकतो हे त्यांनी बसस्टँड झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, मातीच्या अंगणात वीस दिवस आणि फरशीवर दोन महिने. आमचं अंगण मातीचं होतं. साबणाची एक वडी शांताबाईंना देऊन ती किती दिवसांत संपते ते मोजायला लावलं. शांताबाईंनी आठव्या दिवशी वडी संपली म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "घरी नेली नाई ना?" शांताबाई म्हणाल्या, "आर्धी नेली." काकांनी सोळा लिहिलं आणि वर त्यांचे आभार मानले.

मग आला तो त्यांचा खास प्रकार. त्याला ते 'दिवस वाचणं' म्हणत. अंगणात सतरंजी घालून सगळ्यांनी बसायचं: ताई, शांताबाई, मी. एकानं सकाळपासून दिवस सांगायला लागायचं, जणू तीस मुली आत्ताच इथे राहत आहेत. ज्या वस्तूला हात लागेल ती लिहायची. ज्या माणसाचा हात लागेल तोही लिहायचा. मुली उठल्या. कुणी उठवल्या? दार उघडलं. कुलूप कुठलं? तोंड धुतलं. राखुंडी की पावडर? एक मुलगी रडते आहे, डोकं दुखतं म्हणून. गोळी कुठे आहे? ताप उतरत नाही. दवाखान्यात कोण नेतं? जाताना दोन तिकिटं, येताना मुलगी बसू शकत नाही, म्हणजे ऑटो. असं करत संध्याकाळपर्यंत यायला आम्हाला तीन दिवस लागले. मला पहिल्या दिवशी हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी त्या तीसही मुली मला अंगणात दिसायला लागल्या, आणि माझ्या अठरा पानांत त्यांच्यातली एकही नव्हती हे लक्षात आलं.

दिवस वाचून झाला तरी काकांना कुठेतरी अडत होतं. खोल्यांत ज्या आठ मुली होत्या त्यांना लागणारं धान्य हिशेबापेक्षा जास्त जात होतं. त्यांनी शांताबाईंवर संशय घेतला नाही, हे मला विशेष वाटलं. मी घेतला होता. ते एका रविवारी सकाळीच येऊन ओसरीवर बसले. रविवारी मुलींचे बाप भेटायला येत. कुणी पाच कोस चालून, कुणी ट्रॅक्टरवर लटकून. जेवणाची वेळ झाली की बाप म्हणे, "मी जेवून आलो." मुलगी ताट घेऊन त्याच्याजवळ बसे आणि त्याच्या तोंडात घास घाले. नको नको म्हणत तो अर्धं ताट जेवे. मग मुलगी पुन्हा वाढून घ्यायला येई. ज्या मुलीचा बाप आला नाही ती शेजारणीच्या बापाला भरवी.

सोमवारी काकांनी निळ्या पेनानं एक नवी ओळ लिहिली: भेटीला येणाऱ्या पालकांचे जेवण.

ताई म्हणाल्या, "काका, असं कुणी मंजूर करत नाही. किराण्यातच घाला लपवून."

"लपवून घातलं का तो आकडा खोटा झाला. अन् न घातलं तं पोरी उपाशी राह्यतीन. बाप आला आन पोरगी एकटी जेवली, असं तुमी कुठी पाह्यलं का?"

ती ओळ राहिली. पण खरी खडाजंगी पुढे होती. जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांची एक रीत होती. खर्च शंभर असेल तर सव्वाशे मागायचे, कारण निधी देणारे पाचवा हिस्सा कापतात. देणाऱ्यांनाही ते ठाऊक, म्हणून ते डोळे झाकून कापतात. ताईंनी तसंच करायचं म्हटलं. काकांनी तख्ता मिटला. अंदाजपत्रकाला ते कचेरीतला जुना शब्द वापरत, तख्ता.

"तुमी खोटं मागान, ते खोटं कापतीन. दोघंबी खूष. अन् एखाद्या साली त्यायनं जरा जास्त कापलं तं?" ते म्हणाले. "मी सातवीत होतो तवा आमचं बोर्डिंग माघ महिन्यात बंद पडलं. दाने सरले. मास्तर रडत होता, त्याचा काई कसूर नवता. वर कोनाचा तरी अंदाज चुकला होता. मी ट्रंक डोक्यावर घेऊन घरी आलो, आन वर्षभर धन्याच्या बैलामागं हिंडलो. माह्या बरोबरचे चौघं मंग शाळेत वापस गेलेच नाई."

ही गोष्ट त्यांनी त्या एकदाच सांगितली. आवाज चढवला नाही, की डोळे पुसले नाहीत. तख्ता पुन्हा उघडून ते पुढच्या ओळीवर गेले. ताईंनी सव्वाशेचा विषय परत काढला नाही.

हैदराबादहून अधिकारी आले ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी पालकांच्या जेवणाची ओळ वाचली, हसले, मग शांताबाईंना बोलावून खरं-खोटं केलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी शेवटची बेरीज तीसनं भागली आणि मान हलवली.

"एक लडकी पे खर्चा ज्यादा हो रहा है. बाकी जिलों में इससे कम में चल रहा."

"साब, चल रहा, के कागज पे चल रहा?" काकांनी विचारलं.

साहेब परत हसले, पण त्यांचा नाइलाज होता. दर मुलीमागे ठरलेली मर्यादा होती, आणि एक रुपयाही वर गेला तर फाइल वरूनच परत येणार होती. वर्षाला चौदा हजारांच्या आसपास कमी करा, मी गावातली कामं आटोपून चार वाजता येतो, असं सांगून ते गेले.

दुपारचा एक वाजला होता. ताई म्हणाल्या, मुलींना दोन-दोन चादरी कशाला, एक पुरे. काका म्हणाले, "ठीक हाय. मंग दिवस वाचा. श्रावण हाय. चादर धुतली, वाळली नाई. पोरगी काय पांघरते? लिवा." कुणी लिहिलं नाही. मी म्हटलं, दवाखान्याचा ऑटो काढू. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. असं करत करत तीन वाजले आणि शंभर रुपयेसुद्धा निघाले नाहीत. ज्या आकड्याला हात लावावा तो कुठल्या तरी मुलीचा निघे.

तेव्हा त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि एकच ओळ खोडली. हिशेबनीस, मानधन, महिना बाराशे, बारा महिने.

"हे तुमचं आहे, काका," ताई म्हणाल्या.

"मले पेन्शन हाय. माह्यं का अडलं? इथी कोनती पोरगी उपाशी राह्यत नाई याच्यानं."

मी ते पान नव्यानं टाइप केलं. एक ओळ कमी झाल्यामुळे सगळं नेमकं एका कागदावर बसलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ज्या माणसानं मला तीन दिवस बसवून शिकवलं होतं, की हात लागेल तो माणूस लिहायचाच, त्याचाच हात मी कागदावरून पुसला आणि चार वाजता साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सही केली. आम्ही पेढे आणले. काकांनी पेढ्यांचा भाव विचारला.

वसतिगृह सुरू झालं. आठाच्या तीस मुली झाल्या. पहिलं दीड वर्ष असं चाललं, की बाहेरून बघायला येणाऱ्या संस्था थक्क होत. कुठल्याही महिन्यात कुठलाही आकडा फार इकडचा तिकडे झाला नाही. काका सहाच्या बसनं तामसीहून येत. फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन येत, आणि मुलींच्या पंगतीत बसून आपलंच जेवत. एक घासही वसतिगृहाचा खात नसत. मुलींना ते फार आवडत असं म्हणता येणार नाही. साबण लवकर संपला की ते चौकशी करत. पण परीक्षेच्या दिवशी सगळ्याजणी त्यांनाच जयभीम घालून जात, आणि ते रजिस्टरमधून मान वर न करता प्रत्येकीला म्हणत, "पेन दोन घेतले का?"

मग आकडे चुकायला लागले. आधी लहानसहान. तीनाचा आठ. किराण्याचं एकच बिल दोनदा. आम्हाला वाटलं, वय झालं. काका रजिस्टर नाकाजवळ धरायला लागले तेव्हाही मी काही विचारलं नाही. पुढेपुढे तर ते बिल माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत आणि मला वाटे, माझी परीक्षाच घेत आहेत. त्यांना काचबिंदू झाला होता. बेल्लमपल्लीला खाणीत नोकरीला असलेल्या धाकट्या मुलानं डॉक्टरला दाखवलं तेव्हा एक डोळा गेलेलाच होता आणि दुसरा जायला लागला होता.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हैदराबादचं पत्र आलं. हिशेबात चुका आहेत. आपल्याकडे हिशेबनीस कोण? त्यांचं नेमणूकपत्र, पगारपत्रक पाठवावे. योग्य माणूस नेमल्याचं कळेपर्यंत पुढचा हप्ता देता येणार नाही. आम्ही सगळ्या फाइली उपसल्या. दुधेकाकांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. दोन वर्षं रोज आलेला माणूस, आणि कागदावर तो कधी आलाच नव्हता. नवा माणूस नेमायला पैसे नव्हते, कारण ती ओळच नव्हती. कोठारात सहा आठवड्यांचे दाणे होते.

ताई म्हणाल्या, सध्या जेवणातून थोडं काढू, एखादी मुलगी ठेवू हिशेबाला. काका भिंतीला टेकून बसले होते.

"नाई," ते म्हणाले. "खोट माह्याच तख्त्यात होती. बाकी सगळं खरं लिवलं अन् एक आकडा खोटा लिवला. तोच आता पोरीयले घरी धाडून राह्यला."

"काका, तुम्ही काही खोटं लिहिलं नव्हतं," मी म्हटलं.

"शून्य लिवलं का नाई? मी शून्यात येत होतो का?"

सुधारित अंदाजपत्रक करायचं ठरलं. मी सतरंजी घातली आणि काकांना म्हटलं, आज तुमचा दिवस वाचायचा. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"सकाळपासून सांगा," मी म्हणालो.

"सहाच्या बसनं निंगतो."

"तिकीट?"

"माह्या खिशातून. ते नोको लिवू."

"हात लागला की लिहायचं, तुम्हीच सांगितलंय."

मी लिहिलं. मग बँक. पासबुकाच्या रांगेत दीड तास. मग बाजार. शांताबाई चुलीजवळून म्हणाल्या, "शुक्रवारी पोत्याले खांदा कोन देते, ते बी लिवा. हमालाले पैसे द्यायचे नाई म्हनून." काका म्हणाले, "तुमी भाजी पाहा तुमची." तापातल्या मुलीला दवाखान्यात कोण नेतं? दोन वर्षांत बहुतेक वेळा तेच. महिन्याचा अहवाल, तिमाहीचा अहवाल, पावत्या चिकटवणं. चिकटवायची खळसुद्धा ते घरून करून आणत, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळच्या बसपर्यंत पोचलो तेव्हा पान भरलं होतं. मी बाजारभावानं बेरीज करून वाचून दाखवली. ती बाराशेच्या बरीच वर गेली होती.

काकांनी बोटांवर बेरीज पडताळून पाहिली. मग म्हणाले, "इतकं काम कोनी फुकट करून राह्यला असन तं तो मानूस नाई, तो घोटाळा हाय."

शांताबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

पाचव्या आठवड्यात मंजुरी आली. सोबत साहेबांनी हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. हिशेबनिसाचा पगार दर मुलीच्या मर्यादेत धरायचाच नसतो, त्यासाठी कार्यालयीन खर्चाचा वेगळा मद, म्हणजे अंदाजपत्रकातलं वेगळं खातं, आहे, तुम्ही पहिल्याच वर्षी मागितला असतात तर तेव्हाही दिला असता. मी ती चिठ्ठी तीन-चार वेळा वाचली. त्या दुपारी लाल पेन बाहेर निघालं तेव्हा मी, ताई, कुणीच साहेबांना एवढं विचारलं नव्हतं. आम्हाला काका फुकट मिळत होते, मग विचारायचं कशाला?

मंजुरीचा कागद घेऊन मी तामसीला गेलो. ताईंनी निरोप दिला होता: जागा काकांचीच आहे. मावल्याची सरोजा बी.कॉम. आहे, ती वाचेल, लिहील, काकांनी नुसतं शेजारी बसायचं. मला खात्री होती की ते येतील. बसमध्ये मी त्यांच्या खुर्चीसाठी उशी घ्यायची असंसुद्धा ठरवून टाकलं होतं.

ते दारासमोर बाजेवर बसले होते. मी कागद वाचून दाखवला. हिशेबनिसाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. चिठ्ठीचंही मी सांगितलं, ते लपवता येण्यासारखं नव्हतं.

"झाडूवालीले इचारलं," ते सावकाश म्हणाले. "हमालाले इचारलं. साहेबाले इचारलंच नाई मी. सोताचं मांगाचं म्हनल्यावर तोंड उघडलं नाई." मग विचारलं, "पोरी हाय ना सगळ्या?"

"तीसही आहेत. एकही गेली नाही."

त्यांनी मान हलवली. मी ताईंचा निरोप दिला. सुनेनं चहा आणला होता, तो त्यांनी आधी पूर्ण पिऊन टाकला.

"नाई, एम्मे. ज्याले दिसत नाई त्या मानसाले हिशेबाचा पगार लिवला तं तख्ता पुन्हा खोटा झाला. पोरीलेच ठेवा. पन तिचा दिवस पुरा वाचा. बसचं तिकीट सोडू नोका."

मी खूप बोललो. ते नुसते बसले तरी चालेल, मुली विचारतात, शांताबाई विचारतात. शेवटी बोलायला काही उरलं नाही तेव्हा म्हणालो, "काका, तुमच्याशिवाय मला तिथे करमत नाही."

ते हसले. "त्याले मद नाई ना, राजेहो."

त्यानंतर बेल्लमपल्लीचा मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. दीड वर्षानं ते तिकडेच वारले आणि मला ते कळेपर्यंत महिना उलटून गेला होता. पुढे मी पुष्कळ ठिकाणी काम केलं, पुष्कळ मोठी अंदाजपत्रकं पाहिली. ती बरोबर असतात की चूक हे मी आता सांगू शकतो. पण शेजारी बसून कुणी तरी माझ्यावर वैतागावं असं मला अजून वाटतं, आणि तसं वैतागायला कुणी नाही. तामसीची ती भेट शेवटची ठरली.

त्या दिवशी ते मला बसपर्यंत सोडायला आले. एका हातात काठी, दुसरा माझ्या कोपरावर. बस आली, मी चढलो आणि खिडकीशी बसलो. माझ्या पुढच्या खिडकीत गाठोडं मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. काका बसच्या कडेनं चाचपडत आले आणि त्या खिडकीखाली उभे राहिले. चेहरा वर करून त्या म्हातारीला म्हणाले, "एम्मे, थंडीच्या आंदी हापशीचं वायसर बदलून घेजा. नाईतं पोरी पान्याले नाल्यावर जातीन. ध्यानात राह्यते ना?"

मी हाक मारणार होतो. पण म्हातारीनं आधी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"हाव बाबा," ती म्हणाली. "बदलून घेतो."

काकांनी समाधानानं मान हलवली आणि ते दोन पावलं मागे सरले. बस सुटली.